एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडे

माणसे वाढली म्हणजे घर अपुरे पडू लागते, हा अनुभव कोणत्याही कुटुंबाला नवा नाही. अशा वेळी कोणी माडी चढवितो, कोणी परसात एखादी खोली काढतो. परंतु ज्या घराच्या चतुःसीमा आधीच भरून गेल्या आहेत, त्याने काय करावे? माडी चढवावयास परवानगी नाही, परसात वीतभर जागा नाही, आणि आत राहणाऱ्यांपैकी कोणालाही बाहेर काढता येत नाही. नेमकी हीच अडचण १९७९ साली अमेरिकेतील एका लहानशा घरगुती संगणकापुढे उभी राहिली होती. तिच्यातून जो मार्ग काढण्यात आला, तो जाणून घेण्यासारखा आहे. जागा असणे आणि त्या जागेला पत्ता असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मार्गाने फार स्वच्छपणे दाखवून दिले.

त्या संगणकाचे नाव ॲपल टू. १९७७ सालच्या एप्रिल महिन्यात सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक-मेळाव्यात तो प्रथम लोकांपुढे आला. त्याची रचना स्टीव्ह वॉझ्नियॅक ह्या तरुण अभियंत्याची होती. संगणक म्हणजे मोठ्या कचेरीतील किंवा विद्यापीठातील बंद खोलीत ठेवण्याची वस्तू, अशी समजूत तोवर दृढ होती. ॲपल टू मात्र टंकलेखन यंत्राएवढा होता, घरच्या दूरचित्रवाणी संचालाच पडदा म्हणून वापरीत असे, आणि त्याचे झाकण पेचकसाशिवाय नुसत्या हातांनी उचलता येत असे. ते उचलले की मागच्या बाजूस ओळीने आठ खाचा दिसत. शून्यापासून सातपर्यंत क्रमांक दिलेल्या ह्या खाचांत हव्या त्या कामाचे कार्ड बसवावे आणि यंत्राला नवी शक्ती द्यावी, अशी योजना होती. झाकण हाताने उघडावे असे ज्या यंत्राच्या कर्त्यालाच वाटत होते, त्या यंत्राच्या मालकाला आतली ओळख करून घेणे भागच होते.

संगणकाची स्मृती दोन प्रकारची असते. एक छापील पुस्तकासारखी. तीत जे लिहिले आहे ते वाचता येते, पण खोडता किंवा बदलता येत नाही, आणि वीज गेली तरी ते जसेच्या तसे राहते. तिला रॉम म्हणतात. दुसरी पाटीसारखी. तिच्यावर लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे. मात्र वीज गेली की पाटी कोरी. ती रॅम. १९७७ साली ही पाटी अतिशय महाग होती. ॲपल टू केवळ ४ ‘के’ रॅमसह १,२९८ डॉलरला मिळत असे आणि पूर्ण ४८ ‘के’सह २,६३८ डॉलरला. एक ‘के’ म्हणजे १,०२४ बाइट, आणि एक बाइट म्हणजे साधारणतः एक अक्षर मावेल एवढी जागा. तात्पर्य, नुसत्या पाटीसाठी मोजावी लागणारी वाढीव रक्कम मूळ यंत्राच्या किमतीहूनही थोडी अधिकच होती. अशा काळी स्मृतीचा प्रत्येक कोपरा काटकसरीने वापरला जाई, ह्यात नवल नाही.

पण पैशाची अडचण ही ह्या कथेतील खरी अडचण नव्हे. स्मृतीतील प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो, घराला घरक्रमांक असावा तसा. ॲपल टूच्या मध्यवर्ती प्रक्रियकाचे, म्हणजे ६५०२ नावाच्या चिपचे, काम पोस्टमनसारखे असते. पत्ता वाचावा, त्या घरी जावे, तेथील टपाल आणावे किंवा तेथे टपाल टाकावे. ह्या पोस्टमनपाशी पत्ता लिहिण्यासाठी सोळा तारा होत्या. प्रत्येक तार एक तर चालू किंवा बंद. अशा सोळा तारांच्या जुळणीतून ६५,५३६ वेगवेगळे पत्ते होतात; त्यापुढचा एकही होत नाही. म्हणजे ६४ ‘के’ ही त्या नगरीची वेस. तिच्याबाहेर कितीही भव्य वाडा बांधला, तरी पोस्टमन तिथवर जाऊच शकत नाही, कारण तो पत्ता त्याला लिहिताच येत नाही.

ह्या वेशीच्या आत वस्ती कशी होती? शून्यापासून ४९,१५१ पर्यंतचे पत्ते रॅमला दिलेले, ते ४८ ‘के’. त्यापुढील ४ ‘के’ पत्ते कळफलक, ध्वनी, आणि खाचांतील कार्डे ह्यांच्यासाठी राखून ठेवलेले. आणि ५३,२४८ पासून शेवटच्या ६५,५३५ पर्यंतचे १२ ‘के’ पत्ते रॉमचे. अठ्ठेचाळीस, चार आणि बारा मिळून चौसष्ट. एकही पत्ता मोकळा नाही. रॉममध्ये राहत होती यंत्राची भाषा, म्हणजे बेसिक, आणि यंत्र सुरू होताच त्याला शुद्धीवर आणणाऱ्या प्राथमिक सूचना.

अडचण आली ती ह्या भाषेवरूनच. प्रारंभीच्या यंत्रांत वॉझ्नियॅकने स्वतः लिहिलेली ‘इंटिजर बेसिक’ होती. ती चपळ होती, पण तिला अपूर्णांक ठाऊक नव्हते, आणि ३२,७६७ च्या पलीकडचा आकडाही ती मोजू शकत नसे. व्यापाऱ्याला आणि शास्त्रज्ञाला अशी भाषा पुरेना. म्हणून अपूर्णांक जाणणारी ‘ॲपलसॉफ्ट’ ही दुसरी बेसिक आली, आणि १९७९ सालच्या ॲपल टू प्लस ह्या यंत्रात इंटिजर बेसिक काढून तिची स्थापना झाली. त्याबरोबर नवा प्रश्न उद्भवला. जुन्या भाषेत लिहिलेले कार्यक्रम नव्या यंत्रात मुके झाले, आणि नव्या भाषेतले जुन्या यंत्रात. त्यातच सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात केनेथ बोल्स यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली पास्कलची आवृत्ती ॲपल टूवर आणण्याचे काम बिल ॲटकिन्सन ह्यांनी हाती घेतले. पास्कल ही शिस्तीची भाषा, तिचा संसार मोठा, आणि तिला जागाही मोठी हवी. आता तीन भाषा दारात उभ्या आणि घर एकच. रॉम उपटून टाकावी तर आजवरचे सारे कार्यक्रम निरुपयोगी होतात. ठेवावी तर नव्या भाषेला पाय ठेवावयास जागा नाही.

ह्या पेचावरचे उत्तर म्हणून १९७९ साली १६ ‘के’ रॅमचे एक कार्ड निघाले. त्याचे नावच ‘लँग्वेज कार्ड’, म्हणजे भाषेचे कार्ड. त्यामागील कल्पना अशी : रॉमला तिच्या जागेवरून हलवू नये, पण रॉमचे जे पत्ते, तेच पत्ते ह्या नव्या रॅमलाही द्यावेत. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडे राहू द्यावीत. मात्र एका वेळी पोस्टमनच्या हाकेला ओ एकानेच द्यावी. दोघांनी एकदम ओ दिली तर दोन टपाले एकमेकांत मिसळतील आणि हाती येईल तो केवळ गोंधळ. म्हणून दारावर एक कळ बसवावी, आणि ह्या क्षणी घरात कोण आहे हे त्या कळीने ठरवावे. पुढे संगणकशास्त्रात ही युक्ती सर्वत्र रूढ झाली. पण घरगुती संगणकाच्या सामान्य मालकाला तिची पहिली ओळख बहुधा अशाच एखाद्या कार्डाने करून दिली असेल.

कार्ड बसविण्याचा विधी सोपा असला तरी त्यात घाई चालत नाही. प्रथम यंत्र बंद करावे. वीज चालू असताना कार्ड आत घालणे किंवा बाहेर काढणे म्हणजे कार्ड आणि यंत्र दोन्ही गमावण्याची तयारी ठेवणे होय. मग झाकण उचलून डाव्या हाताशी असलेल्या वीजपुरवठ्याच्या धातूच्या पेटीला स्पर्श करावा, म्हणजे अंगावर साचलेली स्थितिक वीज निघून जाते. कोरड्या हवेत सतरंजीवरून चालत आलेल्या माणसाच्या बोटांतून निघणारी ठिणगी त्याला स्वतःला जाणवतही नाही, पण एखाद्या चिपचा ती प्राण घेऊ शकते. कार्डाची जागा शून्य क्रमांकाच्या खाचेत, म्हणजे पेटीला लागून असलेल्या पहिल्या खाचेत. इतर खाचा कोणत्याही कार्डाला चालतात. ही मात्र ह्या कामासाठी ठरलेली.

येथवर सारे अपेक्षेप्रमाणे असते. ह्यानंतरची सूचना मात्र नवख्याला बुचकळ्यात टाकते. मुख्य फलकावर रॅमच्या चोवीस चिपा आठ-आठांच्या तीन ओळींत बसविलेल्या असतात. त्यांपैकी ‘ई ३’ अशी खूण असलेल्या जागेवरची एक चांगली, चालती चिप उपटून काढावयाची, ती नव्या कार्डावरील रिकाम्या सॉकेटमध्ये बसवावयाची, आणि कार्डापासून निघालेल्या चपट्या केबलचे टोक मुख्य फलकावरील त्या मोकळ्या झालेल्या सॉकेटमध्ये खोचावयाचे. स्मृती वाढविण्यासाठी आणलेल्या कार्डाने प्रथम असलेल्या स्मृतीतलीच एक चिप मागून घ्यावी, हा व्यवहार वरकरणी उलटा दिसतो. परंतु त्यामागे कारण आहे.

ह्या चिपा माहिती साठवितात ती अतिसूक्ष्म विद्युत्‌भाराच्या रूपाने, आणि तो भार गळक्या घड्यातील पाण्यासारखा सतत झिरपत असतो. दोन मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आत, तो पुन्हा भरला नाही तर लिहिलेले पुसले जाते. इतर यंत्रांत ह्या पुनर्भरणासाठी वेगळी योजना करावी लागे. वॉझ्नियॅकने ती केलीच नाही. पडद्यावर चित्र उमटविण्यासाठी यंत्राला रॅम अखंड वाचावी लागतेच. त्या वाचनाचा क्रम त्याने असा बेतला की वाचता वाचताच सर्व घडे भरले जावेत. एका फेरीत दोन कामे. अडचण एवढीच की ह्या पुनर्भरणाचे संकेत मागच्या खाचांपर्यंत पोहोचत नाहीत. ते रॅमच्या सॉकेटांवरच मिळतात. म्हणून कार्डाला एका सॉकेटपर्यंत हात पोहोचवावा लागतो, आणि ती केबल म्हणजे तोच हात. जागा सोडून गेलेली चिप कामावरून दूर होत नाही. नव्या जागी बसून, केबलच्या मार्गाने, ती आपले जुनेच काम करीत राहते. जणू प्रतिनियुक्तीवर पाठविलेला एखादा कारकून.

ही चिप काढताना दोन्ही टोकांनी आळीपाळीने, केसभर केसभर उचलावी लागते. एकाच बाजूने ओढली तर तिचे सोळा पाय वाकतात. बसविताना टोकाला असलेली अर्धवर्तुळाकार खूण इतर चिपांच्या खुणांच्याच दिशेला आली पाहिजे. ह्या चिपांना बारा, पाच आणि उणे पाच असे तीन वेगवेगळे विद्युत्‌दाब लागतात, आणि त्यांचे पाय ठरलेले असतात. चिप उलटी बसली की भलत्या पायाला भलता दाब मिळतो आणि ती कायमची निकामी होते. आज पन्नाशीकडे झुकलेल्या ह्या यंत्रांची डागडुजी करणाऱ्या हौशी मंडळींना आणखी एक शत्रू भेटतो. चिपांच्या पायांवर आणि सॉकेटांच्या आत काळपट गंज चढलेला असतो, आणि चिप जागेवर असूनही विजेला मात्र ती तेथे नसते. केवळ काढून, पुसून पुन्हा बसविल्याने मेलेले वाटणारे यंत्र जागे झाल्याचे अनुभव त्यामुळेच येतात.

कार्ड बसले, झाकण लागले, यंत्र सुरू झाले. आता मालक मोठ्या उत्सुकतेने ‘फ्रे’ ही आज्ञा देऊन किती जागा मोकळी आहे असे बेसिकला विचारतो. आणि येथे त्याची पहिली निराशा होते. कार्डापूर्वी जो आकडा येत होता, तोच आकडा पुन्हा येतो. एक बाइटही वाढलेला नसतो. भरीस भर म्हणजे मोकळी जागा ३२,७६७ हून अधिक असेल तर ॲपलसॉफ्ट ती उणे आकड्याने सांगते, आणि त्यात ६५,५३६ मिळविल्यावरच खरी संख्या कळते. वाढीव स्मृतीसाठी पैसे मोजून आलेल्या माणसाला यंत्राने उणे शिल्लक दाखवावी, ही थट्टा थोडी जिव्हारी लागण्यासारखीच होय.

पण यंत्र खोटे बोलत नसते. बेसिकला ठाऊक असलेली जागा खालच्या ४८ ‘के’तली. नवी रॅम त्या जागेत भर घालीत नाही. ती बेसिकच्या स्वतःच्या पत्त्यावर, बेसिकच्या पाठीमागे उभी आहे. तिला कोणी बोलावलेलेच नाही, मग ती ओ कशी देणार? स्मृती विकत आणता येते. ती कोठे आहे आणि तिला केव्हा हाक मारावयाची हे ज्ञान मात्र कोणत्या तरी कार्यक्रमाला आधी असावे लागते. हे ज्ञान यंत्रात घालणे, हेच ह्या जुळणीचे खरे काम. पेचकस आणि चिमटा ह्यांचा भाग त्याच्या मानाने गौण.

बोलावण्याच्या कळा चार, आणि त्या बोटांनी दाबावयाच्या नाहीत. त्याही पत्तेच आहेत. ४९२८० हा पत्ता नुसता वाचला, की वरच्या १२ ‘के’त रॉमऐवजी रॅम हजर होते, पण तिच्यावर लिहिण्यास बंदी असते. ४९२८२ वाचला की रॉम परत आपल्या जागी येते. ४९२८३ हा लागोपाठ दोनदा वाचला की रॅम हजर होते आणि तिच्यावर लिहिताही येते. आणि ४९२८१ दोनदा वाचला की एक विलक्षण अवस्था येते : वाचावयास गेले तर रॉम भेटते, पण लिहावयास गेले तर ते रॅमवर उमटते. दारातून येताना एक बिऱ्हाड, जाताना दुसरे.

लिहिण्याची परवानगी हवी असेल तर दोनदा वाचण्याची अट का? भरकटलेला एखादा कार्यक्रम चुकून एखादा पत्ता एकदा वाचू शकतो. तेवढ्याने दार उघडले असते तर रॅममध्ये मोठ्या कष्टाने आणून ठेवलेली संपूर्ण भाषा एका अपघाताने विद्रूप झाली असती. दोनदा दार ठोठावणारा मनुष्य बहुधा जाणूनबुजून आलेला असतो. महत्त्वाच्या कागदावर एक सही पुरत नाही, दुसरी लागते. त्यामागील शहाणपणही हेच आहे.

आता त्या विलक्षण अवस्थेचा उपयोग पाहावा. मालक ॲपलसॉफ्टमध्ये बसून आज्ञा लिहीत आहे. म्हणजे ह्या क्षणी यंत्र रॉममधल्याच सूचना पाळीत आहे. अशा वेळी त्याने उतावीळपणे ४९२८० वाचला, तर रॉम पडद्याआड जाते आणि तिच्या जागी कोरी, अर्थहीन मजकुराने भरलेली रॅम येते. यंत्र पुढची सूचना शोधू लागते आणि भरकटते. ज्या फांदीवर बसावे तीच तोडावी, असे हे होते. शहाणा मालक ४९२८१ दोनदा वाचतो. मग ५३,२४८ पासून ६५,५३५ पर्यंत प्रत्येक पत्त्यावरचे वाचून त्याच पत्त्यावर लिहावे, अशी एका ओळीची आज्ञा देतो. वरवर पाहता ही वेडेपणाची आज्ञा आहे, कारण जे जेथून घेतले ते तेथेच ठेवावयाचे. परंतु वाचले जाते रॉममधून आणि लिहिले जाते रॅमवर. ह्या १२,२८८ फेऱ्या पुऱ्या झाल्या की छापील ग्रंथाची हस्तलिखित प्रत तयार होते. त्यानंतर ४९२८० वाचला तरी यंत्राला काहीच कळत नाही. बिऱ्हाड बदललेले असते, पण घरातील प्रत्येक वस्तू जागच्या जागी असते.

हस्तलिखित प्रतीचा फायदा असा, की ती दुरुस्त करता येते. मालकाने ठरविले तर लिहिण्याची परवानगी घेऊन तो भाषेचे शब्दच बदलू शकतो. पाच रोमन अक्षरांच्या ‘प्रिंट’ ह्या आज्ञेऐवजी पाचच अक्षरांचा दुसरा एखादा शब्द त्या जागी लिहिला, तर यंत्र तो शब्द आज्ञा म्हणून मानू लागते. चुकीचा ठपका ठेवणारे इंग्रजी वाक्यही त्याच बेताच्या लांबीत आपल्या बोलीत आणता येते. भाषा ही कारखान्यातून कायमची शिक्का मारून आलेली वस्तू नसून आपल्या हाताने घडविता येणारी वस्तू आहे, असा प्रत्यय घरबसल्या येणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. अर्थात यंत्र बंद झाले की ही सारी कारागिरी मावळते. उद्या पुन्हा पाटीवर लिहिणे आले.

एक हिशेब मात्र अजून जुळावयाचा राहिला. कार्डावर रॅम १६ ‘के’ आणि पत्ते फक्त १२ ‘के’चे. उरलेल्या ४ ‘के’चे काय? येथे तीच युक्ती आणखी एकदा, लहान प्रमाणावर, वापरलेली आहे. ५३,२४८ पासूनच्या पहिल्या ४,०९६ पत्त्यांवर रॅमच्याच दोन खोल्या एकामागे एक ठेवल्या आहेत. वरील चार कळांनी एक खोली उघडते. प्रत्येक क्रमांकात आठ मिळवून, म्हणजे ४९२८८ पासून ४९२९१ पर्यंतच्या कळांनी, दुसरी उघडते. ज्या कार्यक्रमाला आपण ह्या घटकेला कोणत्या खोलीत आहोत ह्याचे भान राहत नाही, तो दुसऱ्याच्या सामानावर आपले सामान टाकतो. जुळणीतील पुष्कळशा गूढ वाटणाऱ्या चुका शेवटी ह्या एका विस्मरणापाशी येऊन थांबतात.

सामान्य वापरणाऱ्याला हे सर्व दररोज हाताने करावे लागत नसे. १९८० साली निघालेल्या डॉस ३.३ ह्या तबकडी-प्रणालीच्या मुख्य तबकडीने ते काम आपल्याकडे घेतले. ती तबकडी घालून यंत्र सुरू केले की प्रारंभीचा कार्यक्रम प्रथम भाषेचे कार्ड आहे काय हे पाही, आणि ॲपल टू प्लसमध्ये ते असल्यास इंटिजर बेसिक त्याच्यावर आणून ठेवी. त्यानंतर ‘इंट’ ही आज्ञा दिली की पडद्यावर बाणाच्या टोकासारखे चिन्ह येई, आणि ‘एफ पी’ म्हटले की चौकोनी कंस. एक चिन्ह जुन्या भाषेचे, दुसरे नव्या. कार्ड नीट बसले आहे किंवा नाही ह्याची ह्याहून साधी परीक्षा नाही. काही चुकले असेल तर भाषा उपलब्ध नाही, एवढेच एक वाक्य इंग्रजीत उमटते. मग पुन्हा यंत्र बंद करून झाकण उचलावे, केबलचे टोक सरळ आहे ना, ‘ई ३’ची चिप नव्या सॉकेटात पूर्ण खाली गेली आहे ना, एखादा पाय बाहेर तर वाकला नाही ना, हे क्रमाने पाहावे. दोष बहुधा ह्या तिन्हींतच सापडतो.

पास्कलनेही ह्याच जागेत आपले ठाणे मांडले. तिचा दुभाषी, म्हणजे तिच्या मध्यम रूपाचा अर्थ लावून ६५०२ ला समजावून देणारा कार्यक्रम, वरच्या रॅममध्ये राहू लागला आणि खालची विस्तीर्ण जागा कार्यक्रमांना मोकळी झाली. काही चतुर मंडळींनी तर डॉस प्रणालीच खालून उचलून कार्डावर नेली. ती खालच्या ४८ ‘के’पैकी साडेदहा ‘के’ अडवून बसत असे. ती वर जाताच ‘फ्रे’च्या उत्तरात अखेर खरी वाढ दिसू लागली. ज्या मालकाला पहिल्या दिवशी निराश व्हावे लागले होते, त्याला हवी असलेली जागा त्याच कार्डाने दिली. ती मिळाली मात्र आतल्या माणसांची फेरमांडणी केल्यानंतरच.

१९८३ च्या जानेवारीत ॲपल टू ई हे यंत्र आले. त्यात ६४ ‘के’ रॅम मुळातच होती आणि शून्य क्रमांकाची खाच नाहीशी झाली होती. कार्ड गेले; पण त्याचे वळण गेले नाही. ४९२८० पासूनच्या कळा त्याच पत्त्यांवर, त्याच अर्थाने कायम ठेवण्यात आल्या, दोनदा वाचण्याच्या अटीसह. पुढे प्रोडॉस ह्या नव्या प्रणालीचा गाभा त्याच वरच्या रॅममध्ये राहावयास आला. १९९३ साली ॲपल टू ईचे उत्पादन थांबेपर्यंत हा करार पाळला गेला. एकदा लोकांनी एखाद्या पत्त्यावर विश्वास ठेवून कार्यक्रम लिहिले, की तो पत्ता बदलण्याचा अधिकार कर्त्यापाशीही उरत नाही, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय. जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारे आजचे कार्यक्रमही ह्या कळा जशाच्या तशा सांभाळतात. तसे न केले तर त्या काळचे कार्यक्रम त्यांच्यावर चालणारच नाहीत.

आजच्या संगणकात स्मृती बसविणे म्हणजे एक पट्टी खाचेत दाबणे. त्या पट्टीवर एक इवलीशी चिप असते. ती आपला आकार, आपला वेग आणि आपल्या सवयी यंत्राला स्वतःच सांगते, आणि यंत्र तिला मुकाट्याने पत्ता देऊन टाकते. ह्यात वेळ वाचतो, चुका टळतात, आणि तसे होणे योग्यही आहे. पोस्टमनने पत्र आणले की पत्त्यांची रचना कोणी केली हे विचारण्याची गरज कोणाला पडत नाही. परंतु ज्याने एकदा स्वतःच्या हाताने चालती चिप उपटून दुसरीकडे बसविली, यंत्राच्या उणे उत्तराचा अर्थ लावला, आणि वाचून त्याच जागी लिहिण्याच्या आज्ञेतले मर्म ओळखले, त्याला वाढ म्हणजे काय हे वेगळ्या रीतीने समजते.

घर मोठे करण्यास विटा लागतात हे खरे. पण विटांनी केवळ भिंती होतात. आत कोणी कोठे राहावे, कोणी केव्हा ओ द्यावी, दुसऱ्याच्या सामानाला हात न लावता आपले सामान कसे मांडावे, हे ठरल्यावाचून त्या भिंतींचे घर होत नाही. भाषेच्या त्या कार्डाने एका चौसष्ट ‘के’च्या नगरीत जुन्याला बाहेर न काढता नव्याला आत घेतले, आणि वेस तसूभरही न हलविता वस्ती वाढविली. त्यासाठी लागल्या त्या सोळा ‘के’ रॅमबरोबर चार कळा, आणि त्या केव्हा वाचावयाच्या ह्याची शिस्त.